मध्ययुगाचे कोशकार

सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘भारतवर्षीय मध्ययुगीन चरित्रकोश’ १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यात चंद्रगुप्त मौर्य आहे आणि दुसरा बाजीरावही आहे. या दोघांत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी चित्रावांच्या हिशेबी दोघेही मध्ययुगातलेच. आजच्या महाविद्यालयातला इतिहासाचा विद्यार्थी हे पाहून चक्रावतो, कारण त्याचे मध्ययुग फार तर अल्लाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आला तिथपासून सुरू होते. चित्रावांनी मात्र सरळ व्यवहार पाहिलेला दिसतो. वेदपुराणांतली माणसे १९३२ च्या प्राचीन चरित्रकोशात गेली, पेशवाई बुडाल्यानंतरची माणसे १९४६ च्या अर्वाचीन चरित्रकोशात जायची होती. मधे उरले ते मध्ययुग.

यात हसण्यासारखे काही नाही. युरोपातही मध्ययुगाची हद्द अशीच कुणीतरी बसून आखली. क्रिस्टोफ सेलारिउस या जर्मन अध्यापकाने १६८८ मध्ये मध्ययुगाचा इतिहास लिहिला, तो कॉन्स्टंटाइनपासून १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत. जोसेफ स्ट्रेअरच्या संपादकत्वाखाली १९८२ ते १९८९ या काळात अमेरिकेत निघालेल्या १३ खंडांच्या मध्ययुगकोशाने इसवी सन ५०० ते १५०० ही हजार वर्षे धरली. त्यात पश्चिम युरोप आहे, बायझंटाइन साम्राज्य आहे, इस्लामी आणि स्लाव जग आहे. त्याचे मध्ययुग संपते तेव्हा आपल्याकडे बहमनी राज्याची शकले नुकती कुठे पडू लागली होती आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून सव्वाशे वर्षांवर अवकाश होता. म्हणजे कोश उघडण्याआधी त्याचे मध्ययुग कुठून कुठवर आहे हे पाहून घेणे आले. महाराष्ट्राचे मध्ययुग कोणत्याच परक्या मापात नीट बसत नाही. म्हणूनच त्याचे कोश इथल्या माणसांना स्वतः करावे लागले.

त्यांतले काही तर खुद्द मध्ययुगातच झाले.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या, म्हणजे ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण, पण या चालुक्यांचा अंमल महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होता. ग्रंथाच्या पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, एकूण शंभर. राज्य मिळवावे कसे, टिकवावे कसे, मिळालेल्याचा उपभोग कसा घ्यावा, मन कसे रमवावे आणि खेळावे काय, असा त्याचा क्रम. राजाने हे विषय वरवर उरकलेले नाहीत. हत्ती कसे धरावेत, मल्लांना खुराक काय द्यावा, भिंतीवर चित्र काढण्याआधी ती कशी तयार करावी, कोणत्या जातीच्या माशाला कोणते आमिष लावावे, हे सगळे तपशिलाने येते. स्वयंपाकाच्या अध्यायात मांडे आहेत, इडली-डोशांचे पूर्वज आहेत, आणि शेतातले उंदीर भाजून खाण्याची कृतीही आहे. बाराव्या शतकातल्या दख्खनी राजाचे ताट म्हणजे वरणभात-तूप अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. संगीताच्या भागात गाण्याचे नमुने देताना सोमेश्वराने मराठी ओळीही घातल्या आहेत, त्यामुळे जुन्या मराठीच्या अभ्यासकांनाही या संस्कृत ग्रंथाकडे यावे लागते.

मानसोल्लासची छापील आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादली. पहिला भाग १९२५ चा आणि तिसरा १९६१ चा. या ग्रंथाचे खरे चीज परशुराम कृष्ण गोडे यांच्यासारख्यांनी केले. भांडारकर संस्थेत हस्तलिखिते सांभाळता सांभाळता गोड्यांनी जिलेबी, तंबाखू, शोभेची दारू अशा कुणी इतिहास न लिहिलेल्या वस्तूंचा इतिहास लिहिला. अशा कामाला राजांच्या वंशावळी उपयोगी पडत नाहीत. तिथे मानसोल्लाससारखा ग्रंथच लागतो, ज्यात एखादी वस्तू कोणत्या काळी माहीत होती आणि कोणत्या काळी नव्हती हे पडताळता येते.

यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, लोकांच्या तोंडी हेमाडपंत, याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हाही खरे तर कोशच आहे, धर्माचा. त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रते येतात आणि दानखंडात दानांचे प्रकार. पण गंमत अशी की इतिहासकारांना त्यात सर्वांत मोलाची वाटली ती व्रते नव्हेत. व्रतखंडाला जोडलेल्या राजप्रशस्तीत यादवांची वंशावळ आहे. रा. गो. भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तेव्हा यादवांच्या प्रकरणासाठी त्यांना ही प्रशस्ती फार उपयोगी पडली. पुण्य मिळवण्यासाठी केलेल्या ग्रंथातून राजवंश मिळाला.

तिसरा ग्रंथ कुणी कोश म्हणून सहसा मोजत नाही. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी मराठीत रचली. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, जिथे बसले, निजले, जेवले, त्या जागांची ती नोंदवही. गावात शिरल्यावर कोणत्या दिशेला कोणते देऊळ, त्याचे दार कुठे तोंड करून, स्वामींचे आसन त्याच्या कोणत्या बाजूला, अशी कोरडी वाक्ये एकामागून एक येतात. भक्तांना ती जागा सापडावी, नमस्कार करता यावा, एवढाच हेतू. पण पैठण, रिद्धपूर आणि गोदाकाठच्या कितीतरी गावांचा तेराव्या-चौदाव्या शतकातला नकाशा त्यातून उभा राहतो, आणि त्यातली बरीच देवळे आज जमिनीवर नाहीत. वि. भि. कोलते यांनी ती संपादून छापली नसती तर यादवकाळातल्या साध्या गावाची रचना सांगायला दुसरे साधन फारसे हाती नसते. ताम्रपट जमीन कुणाला दिली ते सांगतात. देवळाच्या ओसरीत कुठे सावली पडायची याची खबर स्थानपोथीलाच.

शिवकाळात कोश राजाज्ञेने झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी धुंडिराज व्यासांकरवी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, तो राज्याभिषेकानंतरच्या वर्षांत. अमरकोशासारखा वर्गवार आणि श्लोकबद्ध. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग असे दहा भाग. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायचे, हा उद्देश. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती झाला तो याच धोरणाने. ही पदनामे टिकली. बाकीच्या शब्दांचे म्हणाल, तर पेशव्यांची दफ्तरे पुढची शंभर वर्षे फारसी शब्दांनीच भरलेली राहिली.

कोश फसला म्हणायचा का? राजाच्या हेतूपुरता बराचसा फसला. अभ्यासकाच्या हाती मात्र त्याने भलतेच दिले. हद्दपार करायच्या शब्दांची यादी करताना रघुनाथपंतांनी स्वराज्याच्या कचेऱ्यांत, मुदपाकखान्यात, शिलेखान्यात आणि बाजारात १६७५ च्या आसपास प्रत्यक्ष काय काय होते याची जंत्रीच करून ठेवली. राज्यव्यवहारकोश आज त्यातला फारसी-अरबी शब्द पाहण्यासाठी वाचला जातो. त्याचा संस्कृत प्रतिशब्द पंडितांपुरता उरला.

यानंतरची मोठी गरज निर्माण झाली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती. पुढे खंडांमागून खंड आले, ते २२ झाले. १९१० मध्ये राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले आणि घराघरांच्या माळ्यांवरून जुन्या कागदांचे रुमाल खाली उतरू लागले. मोडी वाचणारे मिळाले. पण वाचून झाल्यावर पुढची अडचण समोर उभी राहायची: पत्र लिहिले कधी?

मराठी पत्रावर इसवी सन नसतो. असतो तो शुहूर सन, तोही आकड्यांत नव्हे, अरबी संख्यावाचक शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हा सन मुहम्मद तुघलकाच्या काळात १३४४ मध्ये चालू झालेला, सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलणारा. म्हणून जून ते डिसेंबरातल्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या पत्राला ६००. पानिपताची लढाई या ११६१ मधलीच. ५९९ मिळवणारा ती १७६० मध्ये नेऊन ठेवील. महिना आणि तारीख पुन्हा हिजरी चांद्रमासाची, मागे ‘छ’ हे अक्षर. पानिपताच्या दिवसाची आपली तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१, वार बुधवार. हे चार धागे एका दिवसाशी बांधायचे तर अधिक मास, क्षय तिथी, चंद्रदर्शन, सगळे हिशेबात घ्यावे लागते. हे काम ज्यांनी पुस्तकांत करून ठेवले ते जंत्रीकार. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री पेशवेकाळाच्या अभ्यासकाजवळ असायची आणि शिवकाळासाठी खरे यांची. सबंध भारतासाठी स्वामिकन्नू पिल्ले यांनी १९२२ मध्ये मद्रासहून इसवी सन ७०० ते १७९९ या अकराशे वर्षांचे पंचांग छापले. कोशवाङ्मयात जंत्रीइतके नीरस पुस्तक नाही. एकही वाक्य नाही, नुसते रकाने. तरी मराठ्यांच्या इतिहासातले मोठमोठे वाद त्या रकान्यांतच सुटले.

सर्वांत गाजलेला वाद शिवजन्माचा. बखरींनी आणि जुन्या पुस्तकांनी शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७, रूढ केला होता. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. आता शकात ७८ मिळवले की १६२९ येतात, पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तिथे ७९ मिळवायला हवेत. जंत्री उघडली की १९ फेब्रुवारी १६३० निघते आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. तिथी आणि वार असे जुळले की नोंदीवर विश्वास ठेवायला जागा होते. त्यानंतर परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाली. तरीही वाद थांबायला दशके गेली, आणि महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख ठरवली ती २००१ मध्ये.

त्यातही एक मेख राहतेच. ही १९ फेब्रुवारी जुन्या जूलियन पद्धतीची आहे. सुरतेचे इंग्रज वखारवाले तीच पद्धत पाळत, शिवाय त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून त्यांच्या लेखी तो फेब्रुवारी १६२९ चाच. गोव्याचे पोर्तुगीज मात्र नव्या ग्रेगोरियन पंचांगावर आलेले, त्यांच्या हिशेबी तो दिवस १ मार्च १६३०. रायगडावरच्या राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ सुद्धा गोव्यात १६ जून होता. सतराव्या शतकातला गोव्याचा कागद आणि सुरतेचा कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याने हे दहा दिवस ध्यानात धरले नाहीत, तर फौजा निघण्याआधी पोचलेल्या दिसतात.

दिवस सापडला की शब्द. १९२५ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘फारसी-मराठी कोश’ काढला. तो करणारे माधव त्र्यंबक पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन. रविकिरण मंडळातला हा प्रेमकवी, उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवादक, फारसीचा प्राध्यापक. एरवी गझलेसाठी वापरायची भाषा त्याने महसूल, तोफखाना आणि वतनाच्या कागदांच्या कामाला जुंपली. मोडी कागद वाचणाऱ्याची निम्मी अडचण लिपीची असते आणि निम्मी या शब्दांची. त्या दुसऱ्या निम्म्याला आजही या कोशाशिवाय फारसा तरणोपाय नाही. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आले. ज्ञानेश्वरीपासून राजवाड्यांच्या खंडांपर्यंतची अवतरणे त्यांत शब्दांसोबत दिली आहेत. यादवकाळासाठी शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकेतल्या ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. तुळपुळे १९९४ मध्येच गेले होते. मराठी कोशकाराला आपला कोश छापून झालेला पाहायला मिळणे हे तसे भाग्यच.

श्रीधर व्यंकटेश केतकरांना ते मिळाले, पण त्याची किंमत त्यांनी मोजली. अमेरिकेत कॉर्नेलला जातिसंस्थेवर डॉक्टरेट करून आलेल्या या माणसाने चक्क भागभांडवलाची कंपनी काढली, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढून दाखवले. ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे त्यांचे पुस्तक वाचले की विद्वत्तेपेक्षा हिशेबाचीच धास्ती जास्त जाणवते. मध्ययुगाच्या अभ्यासकाला ज्ञानकोशातल्या राजघराण्यांवरच्या नोंदी आज जुन्या वाटतात, आणि त्या जुन्या आहेतच. पण प्रस्तावनाखंडांतला ‘बुद्धोत्तर जग’ हा खंड अजून वाचावा असा आहे. भारताचा इतिहास हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशा तीन कप्प्यांत घालण्याची रीत जेम्स मिलने १८१७ मध्ये पाडली होती. केतकर भारत, चीन, अरबस्तान आणि युरोप यांना एकाच काळाच्या पटावर मांडतात आणि ते कप्पे न वापरताही चालते हे दाखवून देतात.

पुढे गोव्याच्या सत्तरीतून आलेले पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोश हाती घेतला. पहिला खंड १९६२ मध्ये निघाला, एकूण दहा झाले. ‘मानिनी’सारख्या चित्रपटाला कथा देणारा हा कथाकार दैवते, जत्रा, जाती, नद्या, खाणी-लेणी यांच्या नोंदी करत राहिला, आणि त्या वाचताना कथाकाराचा हात कळतो. लोकदैवतांवरच्या नोंदी सर्वांत रसाळ. अर्थात लोकांत प्रचलित कथा आणि कागदावर सिद्ध झालेली गोष्ट यांच्यातली रेघ त्यात नेहमी स्पष्ट नसते. निर्दय तपासणी हवी असेल तर वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून निघालेला मराठी विश्वकोश अधिक भरवशाचा. दख्खनच्या सुलतानांसाठी मात्र या दोहोंच्याही बाहेर जावे लागते. मलिक अंबर, फिरिश्ता किंवा निजामशाही यांवर लायडनहून १९१३ पासून निघत आलेल्या इस्लामविषयक ज्ञानकोशाइतकी नेटकी टिपणे मराठीत अजून झालेली नाहीत. ज्या राज्यांत मराठी देशमुखांनी दीडशे-दोनशे वर्षे चाकरी केली, त्यांच्याकडे मराठी कोशकारांनी पाहुण्यासारखे पाहिले, हा या साऱ्या परंपरेतला मोठा दोष आहे.

चित्रावांच्या चरित्रकोशाचा दोष निराळा. तो नावांवर चालतो आणि मध्ययुगातली बहुतेक माणसे कागदावर नावाने येत नाहीत. मांडे करणारी, भिंत घोटणारी, हत्ती धरणारी माणसे सोमेश्वराच्या ग्रंथात कामाने दिसतात, चरित्रकोशात त्यांना जागा नाही. उलट संत, पंडित, सरदार आणि टीकाकार मात्र रांगेने सापडतात. १९३७ नंतर छापले गेलेले हजारो कागद आणि कोरीव लेख लक्षात घेतले तर त्यांतल्या कित्येक नोंदींची वर्षेही पुन्हा तपासायला हवीत.

म्हणून मध्ययुगाचा अभ्यास करायला बसणाऱ्याने कोश कोणत्या क्रमाने हाताळावेत याला महत्त्व आहे. आधी जंत्री काढावी आणि दिवस पक्का करावा. मग माधव जूलियनांचा फारसी कोश किंवा तुळपुळ्यांचा जुन्या मराठीचा कोश घेऊन कागदातला शब्द न् शब्द सोडवावा. स्थळासाठी स्थानपोथी, वस्तूसाठी मानसोल्लास आणि राज्यव्यवहारकोश पाहावेत. त्यानंतर विश्वकोश, आणि चरित्रकोश सगळ्यांत शेवटी, तोही हातात पेन्सिल घेऊन.